गुरुवारची खुर्ची

स्वेनबोर्ग, मिनेसोटा
९ मार्च १९६९

गेलन,

ड्वेन परत आला. पेटीतून आला. अजून पुरलेला नाही. मे महिन्यापर्यंत इथली जमीन फावडं आत घेत नाही हे तुला ठाऊक आहे. दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवलाय, बर्फ वितळायची वाट बघत. इनेझ रोज त्या खोलीच्या लोखंडी दाराशी जाऊन उभी राहते नि परत येते.

तुझ्या नाताळच्या कार्डावर पत्ता होता, म्हणून हे पत्र. तुझी खुशाली विचारायला लिहीत नाहीये. केनोराच्या कागद कारखान्यात काम मिळालं, छान झालं. सरकारी माणसं तुझी चौकशी करत दोनदा येऊन गेली. मी त्यांना कॉफी दिली नि म्हटलं, कॅनडा मोठा देश आहे, शोधा.

तू विसरला असशील म्हणून सांगते. सैन्यात बोलावलेल्या पोरांची बस सुटायच्या आधी आपल्या चर्चच्या तळघरात आम्ही बायका त्यांना न्याहारी घालतो. जर्मनांच्या लढाईपासूनची पद्धत आहे. गेल्या मार्चमध्ये सात पोरं होती, सात ताटल्या मांडल्या. सहा जण बसले. सातवी ताटली माझ्या पोराची, नि वाढणारीही मीच! बसवाला दोनदा भोंगा वाजवून निघून गेला. पॅनकेक गार झाले, वरचं लोणी थिजलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी ते पॅनकेक तिथेच उभ्याने खाल्ले. सगळे खाल्ले. त्यानंतर आजवर मी पॅनकेक केलेले नाहीत.

एप्रिलच्या बसला ड्वेन गेला. भरती मंडळाचे लोक म्हणतात, एकाच्या जागी दुसरा असं काही नसतं हो, थेल्माबाई. गावात विचार काय असतं ते. आपल्या कुंपणापलीकडचं पोर, तुझ्याबरोबर एका टबात आंघोळ केलेलं. इनेझला दुसरं मूल नाही, नवरा कधीच वारला.

ड्वेनसाठीची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात मी सगळ्यांदेखत इनेझला म्हटलं, "तुझ्या टेबलाशी एक खुर्ची कायमची रिकामी झाली. मी जिवंत आहे तोवर गेलन माझ्या टेबलाशी बसणार नाही. हा माझा शब्द." तिने हातातला ओला फडका माझ्याकडे दिला नि ताटल्या विसळत राहिली. तुझा बाप दारात उभा होता. 

जॉन्सन गेला टेक्ससला आपली गुरं बघायला. निक्सन म्हणतो, मानाने लढाई मिटवतो. मिटव बाबा. ड्वेनचा वर्तमानपत्रातला फोटो पाठवतेय. दाढी करायच्या आरशापाशी लाव.

थेल्मा रुस्टॅड
(खाली 'आई' लिहायला हात वळत नाही.)


४ डिसेंबर १९६९

गेलन,

सोमवारी टीव्हीवर तमाशा बघितला. निक्सन सरकारने आता चिठ्ठ्या काढायला सुरुवात केलीये. काचेच्या बरणीत वर्षातल्या सगळ्या तारखा, ज्याच्या वाढदिवसाची चिठ्ठी आधी निघेल तो आधी जाणार. चर्चच्या जत्रेत आपण केकसाठी काढतो तशा.

तुझी तारीख तीनशेच्याही पुढे निघाली. कळलं का काय म्हणतेय? ही पद्धत दोन वर्षं आधी आली असती तर तुला कुणी हाक मारली नसती. इथे गोठ्यात शेण काढत सुखाने म्हातारा झाला असतास. हस आता.

ड्वेनची चिठ्ठी अगदी सुरुवातीलाच निघाली. टीव्हीसमोर तुझा बाप म्हणाला, "म्हणजे पोरगं तसंही गेलंच असतं." मी म्हटलं, "ऑर्लिन, हे इनेझसमोर बोललास तर बघ!" तर आज ती आपणहून तेच बोलली. हल्ली दर गुरुवारी येते कॉफीला. नि येऊन कुठे बसते माहीत आहे? तुझ्या खुर्चीत. खिडकीकडे पाठ करून, अगदी तुझ्यासारखी. सहा खुर्च्या आहेत टेबलाशी, पण बाईंना तीच हवी. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. पहाऱ्याला येते ती. शब्द पाळतेय की नाही ते बघायला.

तर आज कपात बिस्किट बुडवत म्हणते कशी, "थेल्मा, ड्वेनची तारीख फार आधी लागली गं. तो जायचाच होता. गेलनचा काही संबंध नाही." गोड आवाजात! मला काय टोमणे कळत नाहीत? मी म्हटलं, "इनेझ, माझ्या घरात असलं बोलायचं नाही." तिने मान खाली घातली नि दुसरी कॉफी मागितली.

तुझा बाप बर्फात भोक पाडून मासे धरायला तळ्यावर निघालाय. लाकडी खोपटं गाडीमागे बांधून ओढत नेतोय. या वयात कसली हौस बाई. खोकतो सारखा, पण ऐकेल तर शपथ.

थेल्मा रुस्टॅड


२७ फेब्रुवारी १९७२

गेलन,

ज्या लाल लोकांना अडवायला म्हणून तुम्हा पोरांना बोलावलं, त्यांच्याच पंगतीला निक्सन चीनमध्ये बसलाय. काड्यांनी जेवतोय. आठवडाभर टीव्हीवर दुसरं काही नाही. इनेझने गुरुवारी ते बघितलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी कुणाकडे तरी जेवायला गेलं." तुझ्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत म्हणाली. मी बशा आवरल्या.

नि तुझा बाप काय म्हणतो? "निक्सन पेकिंगला जाऊ शकतो, तर मी तळ्याच्या मधोमध..." एवढं बोलून जीभ चावली.

मी काय बावळट आहे, गेलन? अर्धं तळं अमेरिकेचं, अर्धं कॅनडाचं, नि बर्फावर कुणी कुंपण घातलेलं नाही. तीन हिवाळे तो तिथे जातोय नि दरवेळी मासे साफ करून, कागदात गुंडाळून आणतोय. पहिल्याच वर्षी मी कागद उलगडला, तर आत वॉलआय माशाचे गाल वेगळे काढलेले. तुझ्या बापाने जन्मात माशाचे गाल काढलेले नाहीत. डोकी फेकून देतो तो. नखाएवढं मांस, त्यासाठी कोण बसणार? एक तूच बसायचास. माझ्यासाठी काढायचास. मला आवडतात म्हणून.

ते गाल मी मांजराला घातले. दरवर्षी घालते. उगाच कष्ट घेऊ नकोस.

त्याला मी काही बोललेले नाही. जाऊ दे. माझा शब्द टेबलापुरता होता, तळ्यापुरता नाही. पण तू मात्र समजून अस की मला समजलंय. त्या खोपटात शेगडीपाशी बसून बाप-लेक हसत असाल, 'म्हातारीला पत्ता नाही' म्हणत असाल, तेव्हा मी इथे इनेझसमोर बसलेली असते.

थेल्मा रुस्टॅड


२० जानेवारी १९७४

गेलन,

तू बर्फावर वाट बघत बसला असशील. बस. तो येणार नाही.

अरबांनी तेल बंद केलंय. कारण आपण इस्राएलला विमानं भरभरून हत्यारं दिली. निक्सन म्हणतो घरं कमी तापवा, गाड्या हळू चालवा. रविवारी पेट्रोल पंप बंद. नि घड्याळं एक तास पुढे केलीत, थेट भर हिवाळ्यात! पोरं मिट्ट काळोखात शाळेच्या बसला उभी राहतात. म्हणे वीज वाचते. त्या बाबाला स्वतःच्या कचेरीत चोरून भरलेल्या टेपा सांभाळता येईनात, नि आमची घड्याळं फिरवतोय.

तुझ्या बापाने तळ्यासाठी पेट्रोलचा एक डबा गोठ्यात लपवून ठेवला होता. तो मी इनेझला देऊन टाकला. तिची गाडी चर्चपर्यंत जायला हवी की नको? पुण्याचं काम केलं.

दुसऱ्या दिवशी ती तो जड डबा दोन्ही हातांनी ओढत, बर्फ तुडवत घेऊन आली. धापा टाकत म्हणाली, "ऑर्लिनला तळ्यावर जायला लागेल ना गं हा." म्हणजे तिलाही माहीत! सगळ्या गावाला माहीत असेल! माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, "ऑर्लिनला बरं नाही. तो कुठेही जाणार नाही." नि दार लावलं. डबा तिच्या पायांपाशीच राहिला. तुझा बाप आत पलंगावर बसून सगळं ऐकत होता. भिंतीकडे तोंड करून झोपला.

खोकलाच आहे. थंडीचा. तू उगाच काही समजू नकोस.

थेल्मा रुस्टॅड


२२ सप्टेंबर १९७४

गेलन,

राजीनामा देऊन गेलेल्या निक्सनला त्याच्या जागी आलेल्या फोर्डने माफ केलं. एका सहीत, चर्चमधून येऊन, रविवारी सकाळी. त्याने काय केलं ते विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही, झालं, सुटला! नि आठवडाभराने तुम्हा पळपुट्यांची आठवण आली. तुम्हाला काय? परत या, देशाशी निष्ठेची शपथ घ्या, दोन वर्षं इस्पितळात लोकांची भांडी उचला, मग बघू.

तुझा बाप पेपर घेऊन माझ्यामागे फिरतोय. "दोन वर्षं काय गं, चुटकीसरशी जातात. लिही त्याला. ये म्हणावं." तू त्याला कळवलं आहेस म्हणे, की मी गुन्हाच केला नाही तर शपथ कसली. वा! मान तेवढी ताठ आहे. बाप जिना चढताना मध्ये बसतो, पण साहेबांची मान ताठ.

त्याचं काही नाही. गुडघे दुखतात.

मला विचारशील तर नकोच येऊस. दोन वर्षांनी येऊन बसणार कुठे? त्या खुर्चीत? इनेझच्या मांडीवर?

थेल्मा रुस्टॅड


१४ नोव्हेंबर १९७६

गेलन,

कार्टर निवडून आला. शेंगदाणेवाला. त्याच्याबरोबर आपल्या मिनेसोटाचा मॉन्डेल आहे म्हणून गावात झेंडे लागले. मी मत दिलं फोर्डला. तुझ्या बापाने कार्टरला दिलं. जन्मभर दुसऱ्या पक्षाचा माणूस, नि या वेळी दोन माणसांच्या आधाराने मतदानाला गेला. का, ते तुला माहीत आहे. कार्टरने म्हटलंय, पहिल्याच आठवड्यात सगळ्या पोरांना माफी. शपथ नाही, भांडी नाही.

आता तो पलंग खाली दिवाणखान्यात आणलाय. जिन्यापेक्षा बरं. ऑक्सिजनचं नळकांडं आलंय इस्पितळातून, मेडिकेअरच्या, म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याच्या, कार्डावर. जॉन्सनचीच योजना ती. गंमत बघ. ज्या माणसाने तुला मरायला बोलावलं, त्याच्याच कार्डावर तुझा बाप श्वास घेतोय. आम्ही दोघांनी कुणाला शिव्या द्यायच्या ते अजून ठरलेलं नाही.

हे मी लिहायला नको होतं. फाडून दुसरा कागद घेणार होते, पण कागदही महाग झालेत.

तू तळ्यावर ये-जा करू नकोस. खोपटं मी विकलं.

थेल्मा रुस्टॅड


६ फेब्रुवारी १९७७

गेलन,

तुझा बाप मेला. दोन आठवडे झाले. तुला कळवलं नाही. विसरले नाही, मुद्दाम कळवलं नाही.

सगळं सांगते, क्रमाने. ऐकून घे.

शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की कार्टरने सही केली. तू मोकळा झालास. तुझ्या बापाने नाकावरची नळी काढली, म्हणाला, "थेल्मा, फोन लाव."

मी म्हटलं, "आज नको. लाइन नसते धड या थंडीत."

"मग सकाळी."

"सकाळी बघू."

शनिवारी सकाळी त्याने पुन्हा म्हटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं नि भांडी घासत राहिले. दुपारी म्हणाला, "तू लावू नकोस, फोन इकडे आणून दे, मी लावतो." फोन भिंतीला खिळलेला आहे, गेलन, तुला माहीत आहे. तो उठू शकत नव्हता. "शब्द दिलाय मी," म्हटलं. तो म्हणाला, "तुझा शब्द चुलीत घाल, मला माझा पोरगा बघायचाय." चाळीस वर्षांच्या संसारात माझ्यावर आवाज चढवला नव्हता त्याने. मी म्हटलं, "सोमवारी लावते." खरंच लावणार होते की नाही, मला विचारू नकोस. रविवारी मी चर्चमधून आले तर तो गेलेला होता. तोंड दाराकडे होतं.

बुधवारी प्रार्थना झाली. तळघरात जेवण. ताटल्या मांडायला इनेझ होती. मी बघितलं, माझ्याशेजारी तिने एक ताटली जास्त वाढून ठेवली. म्हटलं, "ही कुणाची?"

"गेलनची. पोचेल ना एवढ्यात? रस्ते बरे आहेत का तिकडचे?"

"तो येणार नाही."

"म्हणजे? आता तर माफी झाली."

"मी कळवलंच नाही त्याला."

तिच्या हातातले चमचे खाली पडले. सगळं तळघर आमच्याकडे बघायला लागलं. "थेल्मा! बाप मेला नि पोराला कळवलं नाहीस? का?"

"तू विचारतेस का? तुला शब्द दिला होता मी. इथेच, या मोरीपाशी."

"कसला शब्द?"

मी सांगितला. शब्दन् शब्द सांगितला, आठ वर्षं पाठच होता मला. ती मग म्हणाली, "अगं, त्या दिवशी माझा पोरगा पेटीत होता. मला कुणाचं काही ऐकू तरी येत होतं का?"

तिला माहीतच नव्हतं, गेलन. तिने ऐकलंच नव्हतं. आठ वर्षं.

मी म्हटलं, "मग दर गुरुवारी येऊन नेमकी त्याच खुर्चीत का बसायचीस तू?"

ती म्हणाली, "माझ्या घरची ड्वेनची खुर्ची मला बघवत नाही. तुझी तरी भरलेली दिसू दे तुला, म्हणून."

मग तिथे सगळ्यांदेखत तिने मला मारलं. जोरात नाही. दंडावर, म्हातारी बाई मारेल तसं, दोन-तीनदा. "तुझा जिवंत होता गं," म्हणाली, "तुझा जिवंत होता." पाद्रीबाबांनी तिला धरून बाजूला नेलं. ती भरलेली ताटली तशीच राहिली. या वेळी मला ती खाता आली नाही.

चूक झाली असं मी लिहिणार नाही. लिहून तो उठून बसणार नाही. तूही मला काही लिहू नकोस. तुझ्या मनात जे येईल ते सगळं बरोबर आहे, ते तुझ्याजवळच ठेव.

एक खोटं मात्र दुरुस्त करते. आपल्याकडे मांजर नाही. कधीच नव्हतं. ते गाल मी लोण्यात परतून एकटीने खाल्ले, चुलीपाशी उभी राहून, तुझा बाप गोठ्यात असताना. ते खोपटाचं गिऱ्हाईक अजून पैसे देतो-देतो म्हणतंय. येशील तेव्हा परत मागून घे.

तुझा बाप दगडी खोलीत आहे. तीच, ड्वेनला ठेवलं होतं ती. कार्टर स्वेटर घालून टीव्हीवर सांगतोय की घरं कमी तापवा, नि थंडी अशी की खिळासुद्धा जमिनीत जात नाही. मे महिन्यात पुरायचंय. म्हणजे माती द्यायला तू आहेस. तेवढं तरी मी तुझ्याकडून हिरावून घेऊ शकले नाही.

परवाच्या गुरुवारी इनेझ आली. मला वाटलं होतं आता येणार नाही. आली, बसली, कॉफी प्यायली, नि म्हणाली, "पत्ता दे. चौदा तारखेला मी स्वतः गाडी घेऊन जाते त्याला आणायला." मी म्हटलं, मी येणार नाही. ती म्हणाली, "तुला बोलावलंय कुणी?" पत्ता मी दिला. तेव्हा आवर आपलं नि तयार राहा. तिला रात्री नीट दिसत नाही, परतताना गाडी तू चालव.

स्वयंपाक करून ठेवते. पॅनकेक नाही करणार.

ये. टेबलाशी पाच खुर्च्या मोकळ्या आहेत, बापाची धरून. कुठलीही घे. खिडकीकडे पाठ असलेली सोडून. ती इनेझची आहे.